सेवेची शाळा : भगिनी निवेदिता

कोलकाता शहराच्या उत्तर भागात हुगळी नदीच्या काठी बागबाजार नावाची जुनी वस्ती आहे. बंगाली लोक या नदीला गंगाच म्हणतात. अरुंद गल्ल्या, एकमेकींना खेटून उभी असलेली घरे, नदीवरचे घाट आणि दारोदारी चालणारी पूजाअर्चा असे या वस्तीचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होते. या वस्तीतील बोसपाडा लेन नावाच्या गल्लीत १८९८ साली एक आयरिश स्त्री राहायला आली. ती शिक्षिका होती. परिचारिकेचे रीतसर शिक्षण तिने घेतले नव्हते. तरीही पुढील काही वर्षांत या वस्तीने तिला मुलींना शिकवताना पाहिले, तसेच प्लेगच्या रोग्यांजवळ आणि एका अतिवृद्ध स्त्रीच्या अंथरुणाशी बसलेलेही पाहिले. भारत तिला भगिनी निवेदिता या नावाने ओळखतो.

निवेदितांचे मूळ नाव मार्गारेट एलिझाबेथ नोबल. त्यांचा जन्म २८ ऑक्टोबर १८६७ रोजी आयर्लंडमधील डंगॅनन या गावी झाला. वडील सॅम्युअल हे धर्मोपदेशक होते. गोरगरिबांच्या घरी जाऊन त्यांची विचारपूस करणे हा त्यांच्या कामाचा भाग होता. छोटी मार्गारेट कधी कधी त्यांच्यासोबत जाई. दुःखी माणसाच्या घरी कसे जावे, काय बोलावे आणि केव्हा गप्प राहावे, याचा पहिला संस्कार तिच्यावर तेथेच झाला. वडील १८७७ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारले. त्यानंतर मार्गारेटचे शिक्षण इंग्लंडमध्ये हॅलिफॅक्स येथील शाळेत झाले आणि सतराव्या वर्षी, १८८४ साली, त्या शिक्षिका झाल्या. पुढे रेक्सहॅम या खाणकामगारांच्या गावी असताना शाळेचे काम आटोपून त्या कामगारांच्या वस्तीत जात आणि अडल्यानडलेल्यांना मदत करीत.

त्या काळी युरोपात पेस्टालॉझी आणि फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञांच्या विचारांचा प्रसार होत होता. मुलाच्या डोक्यात बाहेरून माहिती कोंबू नये. मूल ज्या जगात वावरते ते जग शिक्षकाने आधी समजून घ्यावे आणि तेथूनच शिकवण्यास आरंभ करावा, असे या विचारांचे सार होते. मार्गारेट यांना ते मनापासून पटले. विम्बल्डन येथे त्यांनी याच पद्धतीने स्वतःची शाळा चालवली. विद्यार्थ्याला समजून घेण्याची ही सवय पुढे भारतात त्यांना रोग्यांच्या बाबतीतही उपयोगी पडणार होती.

नोव्हेंबर १८९५ मध्ये लंडन येथे त्यांनी स्वामी विवेकानंदांचे विचार प्रथम ऐकले. त्यांनी ते लगेच स्वीकारले नाहीत. शंका विचारल्या, वाद घातला आणि दीर्घ विचारानंतरच त्या भारतात येण्यास सिद्ध झाल्या. २८ जानेवारी १८९८ रोजी त्या कोलकात्यास पोहोचल्या. २५ मार्च १८९८ रोजी विवेकानंदांनी त्यांना ब्रह्मचर्याची दीक्षा दिली आणि निवेदिता, म्हणजे समर्पित केलेली, असे नाव दिले.

नाव मिळाले, तरी बागबाजारात आपलेपणा मिळवणे सोपे नव्हते. परधर्मीय व परदेशी स्त्रीचा स्पर्श झाला तर विटाळ होतो, अशी त्या काळी समजूत होती. अशा वेळी श्रीरामकृष्ण परमहंसांच्या पत्नी शारदादेवी यांनी त्यांना आपल्या घरी आश्रय दिला. शारदादेवी स्वतः जुन्या वळणाच्या ब्राह्मण विधवा होत्या, म्हणून हे पाऊल फार धाडसाचे होते. पुढे निवेदिता १६, बोसपाडा लेन या घरात राहू लागल्या. घरकामाला ठेवलेली वृद्ध दासी आपल्या चुलीला आणि पाण्याला त्यांना हात लावू देत नसे. निवेदितांनी त्याचा राग मानला नाही. त्या म्हातारीचा आचार तिच्यासाठी किती मोलाचा आहे, हे त्यांनी ओळखले आणि स्वतःच्या घरात तिची मर्यादा पाळली. १३ नोव्हेंबर १८९८ रोजी, कालीपूजेच्या दिवशी, शारदादेवींच्या हस्ते त्यांच्या मुलींच्या शाळेचा आरंभ झाला.

शाळा सुरू होऊन काही महिने होतात तोच एक भयंकर संकट पुढे ठाकले. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली होती. ती पुण्यात व अन्यत्र पसरली. पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. रोग आवरण्यासाठी सरकारी माणसे घरात शिरून झडती घेत, रोग्यांना उचलून नेत. त्यामुळे लोकांना रोगाइतकेच या उपायांचेही भय वाटू लागले. १८९८ साली कोलकात्यात प्लेग आल्याची बातमी पसरताच हजारो लोक शहर सोडून पळाले. लस टोचली की माणूस मरतो, अशा अफवा उठल्या. रोगावर खात्रीचे औषध नव्हते. उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्येच दाखवून दिले होते. परंतु ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली.

१८९९ च्या वसंत ऋतूत कोलकात्यात प्लेगने पुन्हा डोके वर काढले. रामकृष्ण मिशनने ३१ मार्च रोजी सेवाकार्य सुरू केले. त्यासाठी नेमलेल्या समितीच्या चिटणीस निवेदिता होत्या आणि प्रत्यक्ष कामाचे प्रमुख स्वामी सदानंद होते. सफाई कामगारांना घेऊन सदानंद बागबाजार, श्यामबाजार या भागांतील झोपडवस्त्या स्वच्छ करू लागले. साठलेला कचरा काढणे, गटारे धुणे, जंतुनाशके टाकणे असे हे काम होते. एकदा माणसे कमी पडली, तेव्हा निवेदितांनी स्वतः झाडू हाती घेतला आणि त्या गल्ली झाडू लागल्या. एक परदेशी स्त्री आपला रस्ता झाडते आहे, हे पाहून वस्तीतील तरुण ओशाळले आणि त्यांनी झाडू आपल्या हाती घेतले.

परंतु केवळ झाडू हाती देऊन काम भागणार नाही, हे शिक्षिका असलेल्या निवेदितांना ठाऊक होते. काम करणाऱ्याला त्या कामाचे कारण समजले पाहिजे. २२ एप्रिल १८९९ रोजी क्लासिक थिएटरमध्ये प्लेग आणि विद्यार्थ्यांचे कर्तव्य या विषयावर त्यांचे व्याख्यान झाले. अध्यक्षस्थानी विवेकानंद होते. व्याख्यानानंतर सुमारे पंधरा विद्यार्थी सेवेसाठी पुढे आले. त्यांच्या तुकड्या करण्यात आल्या. त्यांनी दारोदार जावे, घरांची पाहणी करावी, स्वच्छतेविषयीची पत्रके वाटावीत आणि घाबरलेल्या लोकांशी शांतपणे बोलावे, असे काम नेमून दिले होते. दर रविवारी हे विद्यार्थी रामकांत बोस स्ट्रीटवर जमत, केलेल्या कामाची हकिकत सांगत आणि निवेदितांकडून पुढील सूचना घेत.

ही एक प्रकारे सेवेची शाळाच होती. तिला इमारत नव्हती, परीक्षा नव्हती आणि पदवीही नव्हती. सुशिक्षित घरांतील या मुलांनी तोपर्यंत झोपडवस्ती क्वचितच आतून पाहिली असेल. अफवांवर विश्वास ठेवणारे लोक अडाणी आहेत, असे म्हणून निघून जाणे सोपे होते. पण त्यांचे ऐकून घेतले, तरच त्यांची भीती कमी होणार होती. रोग कसा आहे हे समजणे आणि रोगी कोण आहे हे समजणे, या दोन्ही गोष्टी सेवकाला आल्या पाहिजेत, हा धडा या कामातून मिळत होता. याच सुमारास देशात अन्यत्रही सेवेच्या शिक्षणाची गरज जाणवू लागली होती. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन स्थापन झाले आणि तेथील स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले.

निवेदितांनी विद्यार्थ्यांना सांगितले तेच स्वतः आचरिले. बागबाजारातील एका ओलसर, पडक्या झोपडीत एक लहान मूल प्लेगने आजारी होते. डॉ. राधागोविंद कर त्याच्यावर उपचार करीत होते. कोलकात्यातील आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. मुलाची चौकशी करण्यास आलेल्या निवेदितांना डॉक्टरांनी धोक्याची कल्पना दिली. त्याच दिवशी ते पुन्हा झोपडीत गेले, तेव्हा निवेदिता त्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या त्यांना दिसल्या. आपले घर सोडून त्या रात्रंदिवस तेथे राहिल्या. झोपडी निर्जंतुक करण्याची वेळ आली, तेव्हा लहानशी शिडी घेऊन त्यांनी स्वतः भिंतींना चुना लावला. मूल वाचणार नाही हे स्पष्ट झाल्यावरही त्यांची शुश्रूषा कमी झाली नाही. दोन दिवसांनी त्या मुलाने त्यांच्याच कुशीत प्राण सोडला. रोग बरा करणे आपल्या हाती नसले, तरी रोग्याला एकटे न सोडणे आपल्या हाती असते, हे त्या कृतीने दाखवले.

शाळेसाठी पैसा उभा करण्याकरिता जून १८९९ मध्ये निवेदिता पाश्चात्त्य देशांत गेल्या आणि १९०२ च्या आरंभी परतल्या. ४ जुलै १९०२ रोजी विवेकानंदांचे निधन झाले. गुरूच्या मृत्यूचे दुःख मागे सारून त्याच वर्षी त्यांनी मुंबई, नागपूर, वर्धा, अमरावती या ठिकाणी व्याख्याने दिली. पुन्हा बागबाजारात येऊन त्यांनी शाळेचे काम वाढवले. अमेरिकेहून आलेल्या भगिनी ख्रिस्तीन त्यांच्या सोबतीला होत्या. आता मुलींबरोबर घरच्या स्त्रियाही शिकण्यास येऊ लागल्या.

याच काळात निवेदितांच्या घरी एक वेगळी परीक्षा घेणारी पाहुणी आली. तिचे नाव अघोरमणी देवी. लहानपणीच वैधव्य आलेल्या या ब्राह्मण स्त्रीने गंगाकाठच्या कामारहाटी येथील मंदिराच्या आवारात, एका खोलीत, अनेक वर्षे जपजाप्यात घालवली होती. बाळकृष्णाला ती आपला पुत्र मानी. श्रीरामकृष्णांच्या ठिकाणी तिला आपला गोपाळच दिसला, म्हणून भक्तमंडळी तिला गोपालेर माँ, म्हणजे गोपाळाची आई, म्हणत. निवेदिता भारतात आल्या त्याच वर्षी तिच्या खोलीवर जाऊन आल्या होत्या. त्या वेळी तिने त्यांना मुरमुरे आणि नारळाचे गोड पदार्थ खाऊ घातले होते.

वय ऐंशीच्या पुढे गेल्यावर गोपालेर माँ आजारी पडली. तिला बागबाजारातील भक्तांच्या घरी आणण्यात आले. तेथून निवेदितांनी तिला १७, बोसपाडा लेन येथील आपल्या घरी नेले. आयुष्यभर सोवळे कसोशीने पाळलेली ही वृद्धा एका परदेशी स्त्रीच्या घरी राहायला आली, ही गोष्ट त्या काळी विलक्षण होती. तिची शेवटची दोन-अडीच वर्षे याच घरात गेली.

एखाद्या वृद्ध माणसाची काळजी घेणे म्हणजे त्याला वेळेवर जेवण आणि औषध देणे, असे आपल्याला वाटते. निवेदितांना त्यापलीकडचे दिसले. गोपालेर माँचे जग लहान होते. त्यात तिची जपमाळ होती आणि तिचा गोपाळ होता. त्या जगातून तिला बाहेर ओढण्याचा प्रयत्न निवेदितांनी केला नाही. तिच्या आचाराला बाधा येऊ नये म्हणून तिच्या जेवणाची सोय ब्राह्मण कुटुंबाकडे केली. तिच्या जपाची वेळ ही घराची शांततेची वेळ ठरली. निवेदिता दिवसभर शाळा, लेखन आणि भेटीगाठी यांत गुंतलेल्या असत. तरीही मुलीने आईची करावी तशी त्यांनी तिची सेवा केली. १९०५ साली निवेदिता स्वतः मेंदूच्या तापाने अत्यवस्थ झाल्या. आप्तांनी आणि मित्रांनी केलेल्या शुश्रूषेमुळे त्या वाचल्या. परावलंबी होऊन पडून राहणे म्हणजे काय, याचा अनुभव त्यांना तेव्हा आला.

जुलै १९०६ मध्ये गोपालेर माँचा अंत जवळ आला. मरणापूर्वी माणसाला गंगेच्या काठी नेण्याची बंगालमध्ये जुनी रीत होती. आधुनिक शिक्षण घेतलेल्या निवेदितांनी ती रीत नाकारली नाही, कारण तीच त्या वृद्धेची इच्छा होती. त्यांनी स्वतःच्या हातांनी तिची शय्या फुलांनी सजवली आणि अनवाणी पायांनी तिच्यासोबत गंगेपर्यंत चालत गेल्या. तेथे दोन दिवस त्यांनी तिची सोबत केली. ८ जुलै १९०६ रोजी पहाटे गोपालेर माँने शांतपणे देह ठेवला.

योगायोग असा, की त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात जर्मनीमध्ये आलॉइस अल्झायमर या डॉक्टरांनी एका स्त्रीच्या आजाराची माहिती वैद्यकीय सभेपुढे मांडली. त्या स्त्रीची स्मृती आणि भाषा हळूहळू नाहीशी झाली होती. तिच्या मृत्यूनंतर तिच्या मेंदूत त्यांना विशिष्ट बदल आढळले. या रोगाला पुढे अल्झायमर हेच नाव मिळाले. स्मृतिभ्रंश घडवणाऱ्या रोगांत तो सर्वांत अधिक आढळणारा आहे. गोपालेर माँला हा रोग नव्हता. तिचा क्षीणपणा वृद्धापकाळाचा होता. परंतु तिच्या सेवेत निवेदितांनी जे केले, ते स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या सेवेसाठी आज नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम शिकवले जाते.

या विद्यार्थ्यांना पहिली गोष्ट सांगावी लागते, ती ही की म्हातारपण आणि स्मृतिभ्रंश एक नव्हेत. चष्मा कोठे ठेवला हे कोणीही विसरू शकतो. पण चष्मा कशासाठी असतो हेच आठवेनासे झाले, तर तो मेंदूचा विकार असू शकतो. असा रोगी तोच प्रश्न दहा वेळा विचारतो, ओळखीच्या गल्लीत वाट चुकतो, कधी मुलीलाच आई म्हणतो. तो हट्ट करीत नाही किंवा सोंगही करीत नाही. बहुधा अलीकडच्या आठवणी आधी पुसल्या जातात आणि लहानपणच्या आठवणी, पाठ असलेली प्रार्थना, ओळखीचा सूर हे पुष्कळ काळ टिकून राहते. म्हणून त्याच्याशी वाद घालून त्याची चूक सिद्ध करण्यात अर्थ नसतो. त्याच्या दिवसाचा क्रम ठरलेला ठेवावा, एका वेळी एकच सोपी गोष्ट सांगावी, त्याचे नाव घेऊन हळुवार बोलावे आणि जे त्याला अजून आठवते त्याचा आधार त्याला द्यावा. थोडक्यात, तो ज्या जगात आहे तेथे आपण जावे. जपमाळेच्या जगात राहणाऱ्या वृद्धेला निवेदितांनी असेच सांभाळले होते, आणि विम्बल्डनच्या शाळेत त्या हेच शिकल्या होत्या.

गोपालेर माँच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच निवेदिता पूर्व बंगालमधील बारिसाल भागात गेल्या. तेथे पूर आणि दुष्काळ यांनी लोक हैराण झाले होते. चिखलपाण्यातून गावोगाव हिंडून त्यांनी लोकांची दुःखे पाहिली आणि त्याविषयी लिहिले. या प्रवासानंतर त्या पुन्हा तापाने आजारी पडल्या आणि त्यांची प्रकृती खालावत गेली. १९११ च्या शरद ऋतूत शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस आणि त्यांच्या पत्नी अबला बोस यांच्यासोबत त्या दार्जिलिंगला गेल्या. तेथे त्यांना रक्ती हगवण झाली. जिने इतरांच्या अंथरुणाशी रात्री जागून काढल्या होत्या, तिच्या अंथरुणाशी आता अबला बोस बसून होत्या. आपल्याजवळ जे काही होते, ते निवेदितांनी मृत्युपत्राद्वारे भारतीय स्त्रियांच्या शिक्षणासाठी दिले. १३ ऑक्टोबर १९११ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

बागबाजारातील त्यांची शाळा त्यांच्यामागेही चालू राहिली आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ज्या घरात ती सुरू झाली, त्या घराचे जतन करून तेथे त्यांचे स्मारक केलेले आहे. शिक्षिका, लेखिका आणि राष्ट्रीय चळवळीची पाठीराखी म्हणून निवेदितांचे कार्य मोठे आहे. पण आपल्यापैकी अनेकांना त्यांची सेवावृत्ती अधिक जवळची वाटेल. कारण घरातील आजारी मूल किंवा विसराळू झालेली आजी सांभाळण्याची वेळ पुष्कळांवर येते. त्यासाठी प्रेम तर हवेच, पण केवळ प्रेम पुरत नाही. रोगाची माहिती करून घ्यावी लागते, माणसाचा स्वभाव आणि सवयी ओळखाव्या लागतात आणि दिवसामागून दिवस धीर धरावा लागतो. या गोष्टी कोणी जन्मतः घेऊन येत नाही. निवेदिताही त्या शिकल्या, आणि वस्तीतील विद्यार्थ्यांना त्यांनी त्या शिकवल्या.